गोल पाठीवरची उभी नळी: एलड्रॉसाठी केलेला पहिला तुकडा

2 एप्रिलला रात्री एलड्रॉच्या पार्ट्स ट्रॅकरवर, म्हणजे नवे तुकडे तपासले जातात त्या जागी, माझ्या तुकड्याला दुसरं 'सर्टिफाय' म्हणजे 'बरोबर आहे' असं मत पडलं. सुरुवात केली होती 16 नोव्हेंबर 2023 ला, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. मधले साडेचार महिने कशात गेले ते लिहून ठेवते आहे, कारण मी अडले होते तेव्हा मराठीत वाचायला काहीच सापडलं नव्हतं. गोल पृष्ठभागावर गोल नळी बसवायची म्हटलं की अडणारे बहुतेक जण त्याच दोन ठिकाणी अडतात असं आता वाटतं.

आधी एलड्रॉ काय ते थोडक्यात. लेगोच्या तुकड्यांची संगणकावरची ही एक खुली लायब्ररी. 1995 साली ऑस्ट्रेलियातल्या जेम्स जेसिमन या तरुणाने ती सुरू केली. दोनच वर्षांत, 1997 मध्ये, तो गेला. त्याने ठरवलेली फाइलची पद्धत मात्र आजही तशीच चालू आहे, आणि जगभरातली माणसं फावल्या वेळात एकेक तुकडा मोजून त्यात भर घालतात. प्रत्येक तुकडा म्हणजे साधी मजकुराची फाइल. नोटपॅडमध्ये उघडली तरी वाचता येते. ओळीच्या सुरुवातीला आकडा असतो: 1 म्हणजे दुसरी फाइल इथे आणून बसवा, 2 म्हणजे कडेची रेघ, 3 त्रिकोण, 4 चौकोन, आणि 5 म्हणजे नजरेच्या कोनानुसार दिसणारी किंवा लपणारी रेघ. 0 ने सुरू होणाऱ्या ओळीत माहिती. बस्स, एवढंच.

भाचा दिवाळीला मिरजेला आला होता, वय अकरा. ताईच्या जुन्या शेजाऱ्यांनी त्याला लेगोचा एक डबा दिला होता. त्यात टँकरच्या पाठीसारखा एक अर्धगोल तुकडा होता, चार बटणं (लेगोच्या तुकड्यावरचे गोल उंचवटे) रुंद, आणि त्या गोल पाठीवर मधोमध नाही तर एका बाजूला सरकून उभी राहिलेली छोटी नळी. तेल भरायच्या तोंडासारखी. भाच्याला तो टँकर संगणकावर बांधायचा होता. बाकी सगळे तुकडे मिळाले, हा मिळेना. "मावशी, तू दिवसभर ड्रॉइंगच काढतेस ना? मग हा तू काढ ना," म्हणाला. मी एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन आहे, आयटीआय करून आता एकोणीस वर्षं झाली. मला वाटलं चार संध्याकाळींचं काम.

पहिले चार दिवस नुसत्या मापात गेले. डिजिटल व्हर्नियर घेतला, 650 रुपये. कारखान्यातला आणता आला असता, पण घरच्या कामाला तिथली वस्तू नको. तुकड्याच्या पोटात साच्याचा नंबर असतो, तो वाचायला 120 रुपयांचं भिंग. नंबर वाचता आला हे बरं झालं, कारण फाइलचं नाव तोच नंबर असतो. नंबर नसेल तर 'यू' अक्षराने सुरू होणारा तात्पुरता नंबर ट्रॅकरवाल्यांकडून मागून घ्यावा लागतो.

एलड्रॉचं मापाचं एकक आहे एलडीयू. 1 एलडीयू म्हणजे 0.4 मिमी. दोन बटणांमधलं अंतर 20, विटेची उंची 24, पातळ प्लेटची 8. बटणाचा व्यास 12, म्हणजे 4.8 मिमी. व्हर्नियरवर माझ्या तुकड्याची रुंदी 31.8 आली आणि मी तीच धरून बसले. ते चूक. शेजारच्या तुकड्याला अडकू नये म्हणून खऱ्या तुकड्याला किंचित कमी ठेवलेलं असतं. फाइलमध्ये ती सूट धरत नाहीत, पूर्ण 32 मिमी म्हणजे 80 एलडीयूच घ्यायचे. माप घ्यायचं ते कुठल्या पूर्ण आकड्याच्या जवळ आहे हे ओळखण्यासाठी.

म्हणजे पाठीची त्रिज्या 40. नळीची त्रिज्या 6, बटणाइतकीच. नळीचा मध्य पाठीच्या मध्यरेषेपासून 20 वर, आणि तिचा माथा पाठीच्या अक्षापासून 48 वर. नळी उभी आणि पाठ बाजूला उतरती, त्यामुळे नळीची आतली बाजू आखूड आणि बाहेरची लांब. व्हर्नियरच्या टोकाने आतून 4.2 मिमी भरली, बाहेरून 7.0.

नाव नोंदवायचं काम त्याच आठवड्यात करून टाकलं. खातं उघडायचं, योगदानाच्या करारावर संमती द्यायची, आणि फाइल पाठवायची परवानगी मागायची. करार असा की तुमची फाइल क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली जाते, कोणीही वापरू शकतं, तुमचं नाव राहतं. टोपणनाव नाही, खरं नाव हवं. परवानगीचं उत्तर यायला चार दिवस लागले. काम पूर्ण झाल्यावर हे करू म्हणाल तर हातात तयार फाइल घेऊन बसाल, म्हणून आधीच करा.

मग खरं काम. एका सिलिंडरमध्ये दुसरा सिलिंडर घुसला की दोघांच्या मिलनाची रेषा काढायची, हे आम्ही आयटीआयला शिकलेलो. पाठीच्या वर्तुळाचं सूत्र सोपं: मध्यरेषेपासून जेवढं आडवं अंतर, त्याचा वर्ग 1600 मधून वजा करा, वर्गमूळ घ्या, उंची मिळाली. नळीच्या परिघावर सोळा बिंदू घेतले, कारण एलड्रॉचं नेहमीचं वर्तुळ सोळा बाजूंचं असतं. प्रत्येकाची उंची काढली. आतल्या टोकाला 37.470, बाहेरच्या टोकाला 30.397. तुकड्यावर मोजलेल्या मापांशी हे अगदी जुळत होतं. मी खूश. 3 डिसेंबरच्या रविवारी फाइल एलडीव्ह्यूमध्ये, म्हणजे अशा फाइली चित्ररूपात दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडली.

नळी पाठीवर टेकलीच नव्हती. लांबून ठीक दिसायचं, पण जवळ नेलं की खाली केसाएवढी फट, आतून पलीकडचा उजेड दिसतोय. आकडे तीनदा तपासले. सूत्र बरोबर, गुणाकार बरोबर. चष्मा काढून डोळे चोळले, पुन्हा बघितलं. पुढचे आठ-दहा दिवस मी रोज रात्री जेवणं उरकली की तीच फाइल उघडून बसायची आणि काहीही न बदलता बंद करायची. आपण एवढी वर्षं हेच काम करतो आणि खेळण्यातला एक तुकडा जमत नाही, याचं फार वाईट वाटायचं.

उत्तर मिळालं आमच्या कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये. तात्या म्हणून आमचे एक जुने फिटर आहेत, निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. त्या दिवशी ते मोठ्या पाइपवर ब्रँच पाइप बसवत होते. चार्ट पेपर पसरलेला, त्यावर समान अंतरावर सोळा उभ्या रेघा, प्रत्येक रेघेवर उंचीची खूण. मग अंगठ्याने कागदाची पट्टी धरून सोळा खुणांवरून त्यांनी एका दमात पेन्सिल फिरवली, कुठेही न थांबता, आणि ती वळणदार रेघ उमटली. कागद कापला, पाइपला गुंडाळला, खडूने आखून घेतलं. फर्मा तयार. मी म्हटलं, "तात्या, तुम्ही सोळाच खुणा का घेता?" ते म्हणाले, "ताई, पाइप सगळीकडंच गोल हाय. पण आपण त्याला सोळा ठिकाणीच वळखतो. मधलं हातानं जुळवायचं."

मधलं हाताने जुळवायचं. फाइलमध्ये ते जुळवणारा हात नसतो. दोन बिंदूंच्या मध्ये सरळच रेघ जाते. म्हणजे माझी गोल पाठसुद्धा गोल नव्हती! ती लाकडी पिंपासारखी होती, लांब सपाट फळ्या शेजारी शेजारी जोडलेली. जोडावर त्रिज्या बरोबर 40, पण फळीच्या मध्यावर पृष्ठभाग खऱ्या वर्तुळाच्या 0.77 एलडीयू आत. मी नळी टेकवली होती खऱ्या वर्तुळावर, जे फाइलमध्ये कुठेच नव्हतं.

घरी येऊन नव्याने मांडलं. माझ्या नळीच्या खाली दोन फळ्या येतात. पहिली माथ्यापासून, म्हणजे आडवं अंतर 0 आणि उंची 40 पासून, 15.307 वर उंची 36.955 पर्यंत. दुसरी तिथून पुढे 28.284 वर उंची 28.284 पर्यंत. प्रत्येक फळी म्हणजे साधा उतार, पहिल्यावर एक एकक पुढे गेलं की 0.1989 खाली, दुसऱ्यावर 0.6682. वर्गमूळ नको, काही नको, त्रैराशिकाचं गणित. नळीच्या मध्याखाली सूत्राने उंची येत होती 34.641, फळीवर ती आहे 33.819. माझी फट ती हीच, 0.82 एलडीयू. मिमीत सांगायचं तर 0.33.

यात एक गोष्ट मनाला पटायला वेळ लागला. आता फाइलमधली नळी आतून 4.3 मिमी आणि बाहेरून जवळपास 7.3 भरते, हातातल्या तुकड्यावर 4.2 आणि 7.0. म्हणजे मी जाणूनबुजून मापापेक्षा वेगळं काढते आहे. कारखान्यात हे केलं असतं तर ड्रॉइंग परत आलं असतं. पण इथे नळीने ज्या पृष्ठभागावर टेकायचं तो फळ्यांचा आहे, आणि फट न राहणं हे 0.3 मिमीपेक्षा महत्त्वाचं. 48 बाजूंची बारीक वर्तुळंही एलड्रॉत आहेत, मोठ्या त्रिज्येला वापरतात, त्यात हा फरक 0.1 च्याही आत येतो. पण माझ्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना नेहमीचे सोळा बाजूंचे तुकडे जोडले जातात, तिथे 48 घेतले असते तर फट जागा बदलून टोकाला गेली असती.

बांधणी अशी केली. नळीचा वरचा भाग, उंची 48 पासून 38 पर्यंत, तयार सिलिंडर वापरून. एलड्रॉत असे तयार आकार असतात, त्यांना प्रिमिटिव्ह म्हणतात, आणि जिथे ते चालतात तिथे तेच वापरायचे. 38 च्या खाली मात्र हाताने झालर बनवायची, कारण तिथून प्रत्येक बाजूची लांबी वेगळी. प्रत्येक बाजू उभ्या सपाट प्रतलात असल्याने चौकोन वाकडे होण्याची भीती नाही. सोळा उभ्या कडांवर 5 नंबरच्या रेघा. त्या विसरलात तर वरचा अर्धा भाग गुळगुळीत गोल आणि खालची झालर नुसती रंगाची सपाट दिसते, बाजूने बघितलं की कडाच नाहीत.

पाठीसाठी ज्या बाजूला नळी नाही तिथे पाव सिलिंडर पूर्ण चालतो. नळीच्या बाजूच्या चार फळ्यांपैकी खालच्या दोन म्हणजे बरोबर एक अष्टमांश सिलिंडर, तोही तयार मिळतो. उरलेल्या दोन फळ्या हाताने, नळीच्या भोकाभोवती त्रिकोण लावत. इथे एक काळजी घ्या. फळीच्या बाहेरच्या लांब कडेवर मध्येच नवा बिंदू काढू नका. शेजारच्या तयार सिलिंडरला तो बिंदू ठाऊक नसतो आणि तिथे टी-जंक्शन होतं, म्हणजे एकीकडे बिंदू आणि दुसरीकडे सलग कड. सगळे त्रिकोण फळीच्या चार कोपऱ्यांतूनच पंख्यासारखे उघडायचे. वहीत आधी पेन्सिलने काढा, मग आकडे भरा. माझी चार पानं गेली, आणि तो वेळ सगळ्यात आनंदाचा होता. आतली बाजू सरळ होती, एका संध्याकाळी झाली.

एलड्रॉत वर म्हणजे ऋण वाय. उंची 36.955 असेल तर फाइलमध्ये लिहायचं उणे 36.955. आमच्या ड्रॉइंगच्या सवयीने मी आधी सगळं उलटं लिहिलं होतं. त्रिकोणाचे बिंदू बाहेरून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने यावे लागतात. एलडीव्ह्यूमध्ये त्याची तपासणी आहे, पुढची बाजू हिरवी दिसते आणि उलटी लागलेली लाल. माझे अकरा त्रिकोण लाल निघाले. एकेक दुरुस्त केले.

7 जानेवारीला फाइल पाठवली. दोन दिवसांत पहिली सूचना आली, ती आकाराबद्दल नव्हती, नावाबद्दल होती. वर्णनात एक अंकी आकड्याआधी दोन मोकळ्या जागा सोडायच्या असतात, म्हणजे यादीत दोन अंकी आकड्यांशी रांग जुळते. मी एकच सोडली होती. कारखान्यात टायटल ब्लॉकसाठी माझी ड्रॉइंगं परत यायची त्याची आठवण झाली. दुरुस्त करून त्याच दिवशी परत.

21 जानेवारीला 'होल्ड' मत पडलं. होल्ड म्हणजे अमुक दुरुस्त होईपर्यंत ही फाइल पुढे जाणार नाही. तपासणाऱ्याने एका जागेचं मोठं केलेलं चित्र जोडलं होतं आणि एकच वाक्य लिहिलं होतं: पाठीची जोडरेषा नळीच्या ज्या बाजूखालून जाते, तिथे बिंदू नाही.

बघा, मी सोळा बिंदू सोळाच्या सोळा फळीवर टेकवले होते. तेरा दुसऱ्या फळीवर, तीन पहिलीवर. पण दोन फळ्यांची जोडरेषा येते 15.307 वर, आणि माझे शेजारचे बिंदू होते 14.457 आणि 15.757 वर. एक जोडाच्या अलीकडे, एक पलीकडे. त्यांना सरळ रेघेने जोडलं की ती रेघ जोडाच्या उंचवट्याखालून जाते. फट किती? 0.14 एलडीयू, मिमीत 0.06 च्या आत. माझ्या स्क्रीनवर ती कधीच दिसली नव्हती. कुठल्यातरी देशात कोणीतरी आपल्या वेळातून माझी फाइल इतकी जवळून पाहिली होती, याचं मला त्या रात्री होल्डच्या दुःखापेक्षा जास्त अप्रूप वाटलं.

उपाय म्हणजे जोडरेषा नळीला जिथे छेदते तिथे प्रत्येकी एक बिंदू वाढवायचा. आडवं अंतर 15.307, उंची 36.955, आणि नळीच्या मध्यापासून लांबीच्या दिशेने दोन्हीकडे 3.569. मिलनाची रेषा सोळाची नाही, अठरा बिंदूंची. ज्या दोन बाजूंवर हे बिंदू आले त्या आता पाच कोनांच्या झाल्या, म्हणून तिथे एक चौकोन आणि एक त्रिकोण. आणि पाठीची 5 नंबरची जोडरेषासुद्धा तोडायची, एका टोकापासून 3.569 पर्यंत आणि पलीकडून पुन्हा सुरू. मी ती नळीच्या पोटातून सलग नेली होती.

तुम्ही असं काही करत असाल तर आकडेमोडीला हात घालण्याआधीच कागदावर वरून दिसणारं चित्र काढा. नळीचं सोळा कोनांचं वर्तुळ आणि त्यावरून जाणाऱ्या पाठीच्या जोडरेषा, एवढंच. जिथे जोडरेषा वर्तुळाला कापते तिथे बिंदू हवा, मग तो तुमच्या सोळांत असो वा नसो.

हे सगळं करून देणारी मोफत साधनंही आहेत. आयसेकॅल्क दोन पृष्ठभागांची मिलनरेषा काढतं, इंटरसेक्टर एका आकाराने दुसरा कापतो, एजर-2 कडेच्या रेघा आणि 5 नंबरच्या रेघा घालतं, जवळजवळ एकाच जागी पडलेले बिंदू युनिफिकेटर एक करतं. मला ती होल्डनंतर कळली. माझे अठरा बिंदू आयसेकॅल्कला घालून बघितले, तिसऱ्या दशांशापर्यंत जुळले. दशांशाची तीन स्थळं पुरतात, पण एक बिंदू जिथे जिथे येतो तिथे त्याचे तिन्ही आकडे अक्षरशः तेच हवेत. पुढचा तुकडा मी या साधनांनीच करेन. पहिला हाताने केला याचा मात्र पश्चात्ताप नाही, कारण साधनाने अठरा बिंदू दिले असते तर त्यातले दोन कशासाठी ते मला कळलं नसतं.

28 जानेवारीला दुरुस्त फाइल पाठवली. नवी फाइल चढवली की आधीची मतं पुसली जातात, त्यामुळे बारीकसारीक बदलासाठी पुन्हा पुन्हा पाठवू नका, साठवून एकदम पाठवा. मग नुसती वाट. सुरुवातीला रोज उघडून बघायचे, नंतर रविवारी. तपासणारे सगळे आपापली नोकरी-संसार सांभाळून हे करतात, त्यांना घाई करायला मला धजावलं नाही. तेवढ्यात मी दुसऱ्यांच्या दोन फाइली बघून काढल्या, मत द्यायला नव्हे, शिकायला. त्यातून खूप कळलं. 19 फेब्रुवारीला पहिलं सर्टिफाय आलं. दुसऱ्याला सहा आठवडे लागले.

खर्च म्हणाल तर व्हर्नियर, भिंग आणि दहा रुपयांचा चार्ट पेपर, मिळून 780 रुपये. सॉफ्टवेअरला एक पैसा नाही. संध्याकाळी किती गेल्या ते मोजलं नाही.

आता व्यवस्थापकांची शेवटची तपासणी आणि मग पुढच्या अधिकृत आवृत्तीत समावेश. तोपर्यंत तुकडा अनधिकृत यादीतून उतरवून वापरता येतो. भाच्याने तो परवाच उतरवून घेतला आणि टँकरचं चित्र पाठवलं, निळा टँकर, पिवळी नळी. मी ते मोठं करून नळीच्या बुडाशी नेलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तात्यांना दाखवलं. त्यांनी फोन हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि बोटाने चित्र मागेपुढे करत बराच वेळ नळीचं बूडच बघत राहिले. "बसलीय," म्हणाले.